तिसरं नाव

डॉक्टर लेनमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात कंपाउंडरनं दारातून मान बाहेर काढून "मलप्पा!" अशी हाक मारली आणि मृत्युंजयच्या शेजारी बसलेली त्याची आई, अव्वा, ताडकन उभी राहिली. एक्क्याऐंशी वर्षांची बाई. गुडघ्यांनी कधीच साथ सोडलेली. घरात बाजेवरून उठायचं तर एका बाजूनं मृत्युंजय, दुसऱ्या बाजूनं त्याची बायको वर्षाराणी आणि वर शिवाचं नाव, एवढं सगळं लागायचं. आणि आत्ता काठीला हातसुद्धा न लावता ती उभी होती, पदर सावरत होती, आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी असलेलं तोंड तिनं दाराकडं वळवलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून मुंडाशातला एक म्हातारा नातीच्या खांद्यावर हात ठेवून उठला आणि "आलो, आलो" म्हणत आत गेला. अव्वा त्याच्या पाठीकडं बघत राहिली. मग खाली बसली. बसताना मात्र तिला मृत्युंजयचा खांदा लागला. "काय झालं गं?" त्यानं विचारलं. "काय न्हाई. पाय आखडला होता," ती म्हणाली. पंख्याखाली बसूनही त्याच्या पाठीला घाम सुटला होता आणि शर्टाच्या खिशातला मोबाईल एकाएकी जड वाटायला लागला होता.

त्या मोबाईलमध्ये आठ दिवसांपासून एक फोटो पडून होता. धर्माबादच्या पुढं, गोदावरी ओलांडून गाडीनं तीनेक तास गेलं की तेलंगणात कोळशाचं एक गाव लागतं. आता कोळशाचं म्हणायचं ते सवयीनं. खाण बंद पडून वीस वर्षं झाली, पोरं हैदराबादला गेली, मागं म्हातारी माणसं आणि दगडमातीचा काळा डोंगर राहिला. तिथल्या एका मुलीनं पाठवलेला तो फोटो. खाली लिहिलं होतं, "सर, नमस्कार. मी सुकन्या. खाणीच्या जुन्या दिवाघरात, जिथं कामगारांचे दिवे ठेवायचे तिथं, आम्ही गावाच्या इतिहासाचं संग्रहालय उभं करतोय. चौऱ्याहत्तर साली खाणीत पाणी शिरून गेलेल्या सात जणांची नावं भिंतीवर लावली आहेत. त्यातल्या मलप्पा संगप्पा यांच्या पत्नी गंगम्मा तुमच्याकडे असतात, असं माझ्या आजीनं, मल्लम्मानं, सांगितलं. आजींचा आवाज आम्हाला रेकॉर्ड करायचा आहे. फोटोतले तिसरे मलप्पाच ना, एवढं कळवावं." फोटोत चार माणसं ओळीनं उभी होती. टोपीवर दिवे, अंगभर कोळसा, आणि त्यातून दिसणारे डोळे आणि दात. तिसऱ्याचा डावा कान वरून दुमडलेला होता. शाळेत कुणाचं उत्तर एक दिवस उशिरा आलं तर जाब विचारणारा हा निवृत्त मुख्याध्यापक आठ दिवस त्या निरोपाला उत्तर देऊ शकला नव्हता. दिवसातून दहादा तो फोटो उघडायचा, बंद करायचा, आणि नकळत स्वतःच्या डाव्या कानाला हात लावायचा. कान तसाच होता, वरून दुमडलेला.

कारण फोटोतला तिसरा माणूस मलप्पा नव्हताच. तो गुरुपादप्पा होता, मृत्युंजयचा बाप. मलप्पा वेगळा. दोघं देगलूर तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच गल्लीतले. खाणीतल्या नोकरीची चिठ्ठी आली ती मलप्पाला, आणि परमुलखात एकटं कसं जायचं म्हणून तो गुरुपादप्पाला सोबतीला घेऊन गेला. पहिल्याच दिवशी माणसं खाणीत सोडणाऱ्या पाळण्यातून तो खाली उतरला, तळाला कुणाचा तरी दिवा विझला आणि मलप्पाला वाटलं की आपल्याला पुरलंच. वर आला तेव्हा धोतर ओलं. म्हणाला, "गुरुपादा, मी जातो गावाकडं. तू ऱ्हा. हे घे." आणि हातावर पितळेचा बिल्ला ठेवला. खाणीत तेव्हा माणसाला बिल्ला असायचा, त्यावर आकडा असायचा. उतरताना पाटीवरून उचलायचा, वर आल्यावर पुन्हा खिळ्याला अडकवायचा. ज्याच्या हातात बिल्ला तो मलप्पा. कोळशात सगळीच तोंडं सारखी; कारकुनाला तोंडाशी काय करायचंय? दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पा मलप्पा होऊन खाली उतरला आणि पुढची नऊ वर्षं उतरत राहिला. मृत्युंजयला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. खाणकामगारांच्या कॉलनीतली पोरं "मलप्पाचा मृत्यू" म्हणून त्याला चिडवायची, तेव्हा एकदा त्यानं घरी येऊन विचारलं होतं. बाप पाठ चोळत बसला होता. हात न थांबवता म्हणाला, "भाईर मी मलप्पा. घरात तुजा अप्पा. दोन्ही खरंच हाय. पर ह्याच्यावर तोंड उघडायचं न्हाई. तोंड उघडलं की पोलीस येतेत." सात-आठ वर्षांच्या पोराला एवढं पुरे झालं. त्या दिवसापासून पोलीस हा शब्द त्याच्या पोटात जाऊन बसला तो अजून तिथंच आहे. मुख्याध्यापक झाल्यावर शाळेच्या कार्यक्रमाला फौजदारसाहेब शेजारच्या खुर्चीवर यायचे, तेव्हा याच्या हातातला नारळ हलायचा आणि लोकांना वाटायचं, बिरादार सर फार नम्र.

अव्वाचं त्या कॉलनीत सगळ्यात वाईट झालं, असं त्याला आता वाटतं. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, आणि घ्यायचं तर उखाण्यातच, चार बायकांच्या आग्रहानं. संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की मल्लम्मा आणि इतर बायका तिला घेरायच्या. "घे की गं नाव, मलप्पा रागावतोय व्हय?" खरं नाव घ्यावं तर घर बुडतं. खोटं घ्यावं तर परक्या पुरुषाचं नाव आपल्या कुंकवाला लागतं. एका संक्रांतीला फारच पिच्छा पुरवला तेव्हा तिनं तीळगुळाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "कोळशाच्या गावात उजेड पडला दिव्याचा, नाव घेत न्हाई बाई, मान राखा कुंकवाचा." बायका हसल्या, टाळ्या वाजवल्या, पण तिथून पुढं गर्विष्ठ म्हणून तिचं नाव पडलं. मृत्युंजय तिच्या मांडीशी बसून तीळ निवडून खात होता. तिची मांडी थरथरत होती ते एकट्या त्यालाच कळत होतं.

आता हे सगळं कशाला उकरायचं? दवाखान्यातून रिक्षानं परत येताना तो स्वतःशी हिशोब मांडत होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच येत होतं, की गप्प बसावं. खाणीनं विधवेला जे काही द्यायचं ते मलप्पाच्या विधवेला दिलं होतं. अव्वानं त्या कागदावर मलप्पाची बायको म्हणून अंगठा उठवला होता, आणि त्या अंगठ्यावर मृत्युंजय उदगीरला मामाकडं राहून शिकला, डी.एड. झाला, शिक्षक झाला. आपलं शिक्षण, नोकरी, तरोडा नाक्याचं घर, सगळं एका खोट्या अंगठ्यावर उभं आहे, हे त्याला ठाऊक होतं. आणि हे ठाऊक असलेल्या माणसानं आयुष्यभर काय करावं? तर नावं तपासावीत. दाखल्यावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक असली तरी तो फॉर्म परत करायचा. कंधारकडचा एक बाप एकदा त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला होता. पोराच्या दाखल्यावर बापाचं नाव भागवत, रेशन कार्डावर भागवान. "साहेब, मीच की हो दोन्ही. बघा माझ्याकडं." मृत्युंजयनं त्याच्याकडं बघितलं नव्हतं. "प्रतिज्ञापत्र आणा," म्हणाला होता. तो माणूस तीन खेपा घालून प्रतिज्ञापत्र घेऊन आला तेव्हा मृत्युंजयनं त्याला स्वतः चहा पाजला, आणि त्यात त्याचा जीव फार शांत झाला, हेही खरंच. स्वतःची सही मात्र तो 'मृ. गु. बिरादार' अशी करायचा. गु. म्हणजे काय हे कुणी विचारत नाही. साऱ्या नोकरीत बापाचं नाव त्यानं एका अक्षरात दडवून ठेवलं होतं.

त्यानं ठरवलं होतं की सुकन्येला कळवायचं, आईची तब्येत बरी नाही, क्षमस्व. चार ओळींचा मजकूर तयारही केला होता. पण माणूस ठरवतो आणि घरातला फोन वेगळंच ठरवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला असताना मोबाईल वाजला आणि वर्षाराणीनं उचलला. न्हाणीघरात त्याला तिचा आवाज ऐकू आला. "कोण मलप्पा? अहो, राँग नंबर लागलाय तुम्हाला. आमच्या सासऱ्यांचं नाव..." आणि मग पुढच्या खोलीतून अव्वाचा आवाज, फुटक्या घागरीसारखा, पण स्पष्ट, "राँग न्हाई ते. आण हिकडं." अंगावर साबण तसाच ठेवून मृत्युंजय दाराला कान लावून उभा राहिला. मग नुसतं "हाव... हाव... मल्लम्माची नात का तू?... हाय का अजून मल्लम्मा?... हाव." तो पंचा गुंडाळून बाहेर आला तेव्हा फोन अव्वाच्या मांडीवर होता आणि वर्षाराणी त्याच्याकडं, तेहतीस वर्षं संसार केलेल्या माणसाकडं नव्यानं बघावं, तशी बघत होती.

"जायचं आपण," अव्वा म्हणाली.

"कुठं?"

"तुला म्हाईत हाय कुठं. आठ दिस झाले म्हणं तुला सांगून. काय करून राहिलास आठ दिस?"

"अव्वा, तुझा डोळा अजून ओला आहे. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. आणि काय आहे तिथं आता? खाण बुजवली."

"मोतीबिंदू काढला कशाला मग? टीव्ही बघाया?" तिनं काठी पुढं ओढली. "पट्टी निघाली की जायचं. सोमवारी."

"माझे सासरे खाणीत होते?" वर्षाराणीनं हळूच विचारलं. "मला तर शेती करताना गेले म्हणून सांगितलं होतं."

मृत्युंजयनं तिला सगळं सांगितलं. तुटक तुटक, जमिनीकडं बघत, वर्गात न आलेला धडा म्हणावा तसं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांचं खरं नाव लावून घ्या की भिंतीवर. त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं! त्याला तिचा राग आला, मग स्वतःचा आला. त्यात अव्वाचा अंगठा होता. ऐंशी पार केलेल्या म्हातारीला कुणी ठाण्यात नेत नाही हे त्याच्या डोक्याला कळत होतं. पोटाला कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अंगठा हे निमित्त होतं. त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यानं वर्षाराणीलाही सांगितली नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीत त्यानं अव्वाला खिडकीपाशी बसवलं. तिचा नवा डोळा उघडा होता आणि ती शेतं, विजेचे खांब, म्हशी, सगळं एकाच हावरेपणानं बघत होती. धर्माबादला कुणी मिरच्यांची पोती चढवली आणि साऱ्या डब्याला ठसका लागला. मृत्युंजयच्या डोळ्यांना पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. बरं निमित्त होतं. गोदावरीच्या पुलावर गाडी खडखडायला लागली तशी त्याच्या कानात त्या दिवसाचा भोंगा उठला. भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा, आणि कॉलनीतली माणसं त्याच्यावर जेवायची, झोपायची. त्या दिवशी तो भलत्याच वेळी झाला, शाळेत पाढे चालू असताना, आणि थांबेचना. मास्तरांनी शाळा सोडली. अव्वा त्याला खाणीच्या फाटकापाशी सापडली. तिचे हात पिठाचे होते. फाटकाबाहेर सगळी कॉलनी उभी होती. मग कारकून हातात कागद घेऊन स्टुलावर चढला. ज्यांचे बिल्ले पाटीवर परतले नव्हते त्यांची नावं वाचायची होती. सात खिळे रिकामे होते. पहिलं नाव वाचलं आणि डावीकडून एक किंकाळी उठली. दुसरं वाचलं आणि एक बाई नुसतीच खाली बसली. तिसरं नाव होतं मलप्पा संगप्पा.

आणि अव्वाला ते कळलंच नाही. ती कान देऊन ऐकत होती, पण ज्या नावासाठी ऐकत होती ते वेगळं होतं. नऊ वर्षं जिच्या घरात तो माणूस मलप्पा झालाच नाही, मनातसुद्धा जिनं त्याला कधी तसं म्हटलं नाही, ती गुरुपादप्पा या नावाची वाट बघत होती. चौथं, पाचवं, सहावं, सातवं. कारकुनानं कागदाची घडी घातली. अव्वानं एवढा मोठा श्वास सोडला की पोराच्या केसांवर तो आला. "शिवा, शिवा," म्हणाली. "त्यात न्हाई आपलं माणूस. चल घरी, येतील आता भुकेले." आणि मृत्युंजयला कळलं होतं. तिसऱ्या नावालाच कळलं होतं. बापाला बाहेर एक नाव होतं, घरात एक, आणि कुठलं कुठं लागतं हे पोराला तिच्यापेक्षा नीट पाठ होतं. पण तोंड उघडायचं नाही असं बापानंच सांगितलं होतं. तो गप्प राहिला. तिच्या मागं मागं घरी गेला. तिनं चूल फुंकली, भाकरी थापायला घेतली, थापता थापता शेजारणींसाठी हळहळली, आणि आपलं माणूस वाचलं म्हणून मधूनच कसलीशी ओवी गुणगुणली. पोरगा उंबऱ्यावर बसून तिच्याकडं बघत होता. तीन भाकरी झाल्या. चौथी तव्यावर टाकली तेव्हा मल्लम्मा आणि दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या, आत यायचं धाडस कुणालाच होईना, आणि शेवटी मल्लम्मा म्हणाली, "गंगम्मा, अगं, मलप्पा म्हंजी तुजाच की." अव्वाचा हात हवेत राहिला. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला तरी कुणी ती उचलली नाही. अर्ध्या तासाचं ते सुख तिला मिळालं ते मृत्युंजयच्या गप्प बसण्यानं मिळालं, आणि ते आपण तिला दिलं की तिच्याशी दगा केला, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. तिला हे ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो दिलासा. तिला वाटत होतं, लेकरू लहान होतं, त्याला काय कळतंय.

आठव्या दिवशी प्रेत निघालं. गळ्यातल्या लिंगावरून ओळखलं. तोवर तार गावाला पोचली होती, आणि गावात खऱ्या मलप्पालाच त्याच्या मरणाची तार वाचून दाखवली गेली. तो पळत आला. अव्वाच्या पायाशी बसला, म्हणाला, "वहिनी, आता तुम्ही मलप्पाची बायकोच ऱ्हावा. न्हाईतर आपण समदे जातो आत." मातीच्या वेळी विधी करणाऱ्या जंगमानं खड्ड्यापाशी विचारलं, "नाव काय मयताचं?" अव्वा नाव घेणार नव्हती. पोरगं तोंड उघडणार नव्हतं. मग मलप्पानंच सांगितलं, "मलप्पा." स्वतःचं नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं त्या खड्ड्यात टाकलं आणि त्याचा आवाज कापला. पुढं तो औशाला सासुरवाडीकडं जाऊन राहिला, पानाची टपरी चालवली, चांगला म्हातारा होऊन बारा वर्षांपूर्वी वारला. मृत्युंजय त्याच्याही मातीला गेला होता. तिथं जंगमानं पुन्हा तेच नाव घेतलं. परतीच्या बसमध्ये त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की मलप्पा दोनदा मेला आणि अप्पा एकदाही मेला नाही.

स्टेशनवर सुकन्या रिक्षा घेऊन आली होती. तिशीची, चष्मा लावलेली, आणि आजीचं मराठी जसंच्या तसं उचललेली. "या आजी, हळू. पाय इथं ठिवा." मल्लम्माला यायचं होतं पण तिचं अंथरूण सुटत नाही, असं तिनं सांगितलं. दिवाघर मृत्युंजयला ओळखू आलं नाही. त्याच्या आठवणीत ते किल्ल्याएवढं होतं. आता चुना लावलेली एक लांब खोली. भिंतीशी दिवे ओळीनं मांडलेले, एका काचेत टोप्या, एका काचेत कुणाचा तरी चेपलेला जेवणाचा डबा. दाराजवळ लाकडी पाटी होती, शेकडो खिळ्यांची, आणि प्रत्येक खिळ्याला पितळेचा बिल्ला. सात खिळे रिकामे ठेवले होते. "आणि हे बघा सर, हे बटण दाबलं की भोंगा वाजतो. खराच आवाज आहे, जुन्या टेपवरून..." सुकन्येचं बोट बटणाकडं गेलं. "नका दाबू!" मृत्युंजय एवढ्या मोठ्यानं ओरडला की पलीकडं झाडणारा माणूस थांबून बघायला लागला. सुकन्येनं हात मागं घेतला. "सॉरी सर," ती म्हणाली. त्याला लाज वाटली. प्रार्थनेच्या मैदानावर असंच ओरडून त्यानं तीस वर्षं काढली होती आणि तेव्हा कधी लाज वाटली नव्हती.

आतल्या भिंतीवर काळा दगड होता. सात नावं तेलुगूत, इंग्रजीत आणि खाली बारीक मराठीत. तिसरं नाव त्यानं वाचलं नाही. डोळे दुसऱ्यावरून सरळ चौथ्यावर गेले. अव्वा तिकडं बघतच नव्हती. तिला वाचता येत नाही. तिला फोटो हवा होता. तो भिंतीएवढा मोठा केलेला होता, चार माणसं, चार दिवे. ती काठी टेकत जवळ गेली, अगदी नाक लागेल एवढी जवळ, आणि नव्या डोळ्यानं बघत राहिली. मग हात उचलून तिनं तिसऱ्या माणसाच्या कानाला बोट लावलं. "कान बग," म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "पन्नास वर्सं झाली. तोंड इसरले होते मी. कान तेवढा याद होता." आणि मृत्युंजयकडं न बघता म्हणाली, "तुज्या कानावर रोज नजर पडायची म्हणून."

सुकन्येनं खुर्ची दिली. टेबलावर छोटं काळं मशीन ठेवलं, माईक अव्वाच्या पदराला अडकवला. मृत्युंजय शेजारी उभा राहिला, परीक्षेच्या हॉलमध्ये उभा राहावा तसा. "आधी आवाज तपासते हां, आजी. काही अवघड नाही. नुसतं आजोबांचं नाव सांगा."

अव्वानं तोंडाला पदर लावला. "मी नाव घेत नसते, बाई."

"बरं, मग सर, तुम्ही सांगा."

"ते..." मृत्युंजयनं दगडाकडं बोट केलं. "ते लिहिलंय की भिंतीवर."

सुकन्या मान डोलावून पुढं बोलणार तेवढ्यात अव्वा म्हणाली, "भितीवर काय लिव्हलंय ते मला काय कळतंय? तू सांग. बायकोनं घ्यायचं नसतंय. लेकरानं घ्यायचं असतंय."

"अव्वा, नंतर बोलू. घरी जाऊन बोलू आपण."

"तवाबी तू गपच बसलास," अव्वा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. भाकरी करपली म्हणावं तसं ती म्हणाली. "मी भाकरी थापत होते आन् तू उंबऱ्यावर बसून बगत होतास. तुला कळलं होतं. तिसऱ्या नावाला माजा हात कसा आवळलास! नखं लागली. मला वाटलं, लेकरू भ्यालंय. तव्याम्होरं मल्लम्माचं बोलणं ऐकलं तवा उमगलं, कशाला भ्यालं ते."

हात आवळल्याचं मृत्युंजयला आठवत नव्हतं. एवढी वर्षं तो त्या फाटकापाशी दगडासारखा उभा होता, अशीच त्याची आठवण होती. आणि तिला ठाऊक होतं. शाळेत घालताना, डी.एड.चा निकाल लागला तेव्हा, त्याच्या लग्नात, रोज ताटावर वाढताना, सगळा वेळ तिला ठाऊक होतं, आणि तिनं त्याला कधी विचारलं नाही. समोर माईकचा लाल ठिपका पेटलेला होता. पोटातला पोलीस उठून बसला. अंगठा, कागद, नोकरी, चौकशी, पेपरात नाव. सगळं एकदम घशाशी आलं. आणि त्या सगळ्याच्या खालून, नळाला पाणी यायच्या आधी हवा खळखळते तसं, एक नाव वर आलं.

"गुरुपादप्पा," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. मग तो मुख्याध्यापकाच्या आवाजात, हजेरी घेतल्यासारखा, पुन्हा म्हणाला, "गुरुपादप्पा बिरादार. मी मृत्युंजय गुरुपादप्पा बिरादार. फोटोतले तिसरे माझे वडील. मलप्पा त्यांचं नाव नव्हतं. बिल्ला मलप्पाचा होता."

सुकन्येचं पेन थांबलं. तिनं भिंतीकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, मग मृत्युंजयच्या कानाकडं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, मशीन चालूच होतं. तुम्ही म्हणाल तर हे पुसते."

भीती गेली नव्हती. होती तिथंच होती. त्यानं अव्वाकडं बघितलं. अव्वा त्याच्याकडं बघत नव्हती. पन्नास वर्षांत चार माणसांत पहिल्यांदा तिच्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं होतं, आणि ते ऐकून तिनं डोक्यावरचा पदर घाईनं कपाळापर्यंत पुढं ओढला होता; तो दारातून आत आला की ओढायची तसा.

"राहू द्या," मृत्युंजय म्हणाला.

"आता इचार, बाई," पदराआडून अव्वा म्हणाली, "काय इचारायचं ते."